काळ्या डब्यातली मुरलेली तंबाखू

तंबाखूचा काळा डबा फळीवरून घसरला आणि थेट निळीच्या बादलीत पडला, तोही पालथा. झाकण लावलेलं असतं तर निभावलं असतं. पण दीनानाथपंत गद्र्यांचा नियम असा, की रविवारी सकाळी डब्याचं झाकण अर्धा तास काढून ठेवायचं; वारा लागला म्हणजे तंबाखू खुलते म्हणे. आणि त्यांच्या पत्नीचा, सुहासिनीबाईंचा, नियम असा, की दसऱ्याच्या आधीच्या रविवारी घरातली एकूण एक फळी पुसून काढायची. दोन्ही नियम एकाच सकाळी एकाच फळीवर भेटले, त्याला कोण काय करणार?

"अगं बाई!" सुहासिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

मोरीत साळूबाई धुणं धूत होती. साळूबाई मूळची हिर्डोशीची, भोरला दिलेली. गद्र्यांकडे दहा वर्षं धुणंभांडी करत होती आणि बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिनं बादलीत हात घालून एक मूठ बाहेर काढली, पिळली आणि निरखून पाहिली.

"वैनी, मेथी म्हनावं तर निळी हाय."

"हसतेस काय मेले! कॅम्पातला शेवटचा डबा होता तो. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील!"

हे काही वाढवून सांगितलेलं नव्हतं. लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या दुकानदारानं पंतांना स्वच्छ सांगितलं होतं, की आता पुढचा डबा जहाज येईल तेव्हा, आणि जहाज कधी येईल ते ज्यानं बुडवलं त्याला विचारा. मोटारीत तो डबा पंतांनी पुण्यापासून भोरपर्यंत मांडीवर घेऊन आणला होता. मागं एकदा पाईपची नळी तुटली तेव्हा आठ दिवस घरात कुणाची धडगत नव्हती. आमटी खारट, भाकरी जाड, शेजारच्यांचा पोपट आगाऊ. नवी नळी आली तेव्हा पोपटसुद्धा सुटला.

पंत संस्थानच्या बांधकामाच्या कचेरीत ओव्हरसियर होते. भाटघरच्या धरणाचं काम संपलं तेव्हा एका गोऱ्या साहेबानं परत जाताना त्यांना आपला जुना पाईप दिला आणि सोबत एक लाल डबा. त्या डब्यातली तंबाखू अशी गोड वासाची, की पंत ओटीवर बसून ओढायला लागले की गल्लीतल्या बाया विचारायच्या, "आज काय शिरा का हो?" तीन-चार वर्षं पंतांनी तिचं कौतुक केलं. मग एक दिवस म्हणाले, "ही पोरकट गोडी!" आणि हिरवा डबा आला. त्या तंबाखूला वाळल्या गवताचा वास होता. ती त्यांना पाच वर्षं पुरली. त्यानंतर मात्र गवतही बाळबोध वाटायला लागलं आणि काळा डबा आला. त्यावर जहाजाचं चित्र होतं आणि आत काळीभोर तंबाखू. तिचा धूर म्हणजे होळी विझल्यावर दुसऱ्या दिवशी चौकात जो वास राहतो, तो.

"चव माणसाबरोबर वाढते," पंत सांगायचे. कुणी विचारो न विचारो, ते सांगायचेच. "गोडापासून सुरुवात होते आणि शेवटी माणूस धुरापाशी येतो."

"मानसाचं बी तसंच की हो, अण्णा," साळूबाई दारातनं म्हणायची. "मसनातला धूर कुनाला चुकलाय?"

तर असा तो डबा. आता तो निळीत न्हाऊन निघाला होता आणि पंत देवळातून यायला फार तर तासभर होता.

"किती व्हती?" साळूबाईनं विचारलं.

"अर्धा डबा."

"मंग रडता कशापायी? माज्या घरी मशेरीची पानं हाईत. रखमाजीनं धाडल्यात."

रखमाजी हा तिचा हिर्डोशीचा भाऊ. तो परसात तंबाखूची पंधरा-वीस रोपं लावी, बहिणीच्या मशेरीपुरती. पानं तोडली की चुलीवरच्या माळ्याला बांधून ठेवी. हिर्डोशीला पाऊस चार महिने ठाण मांडतो, त्यामुळे चूल विझत नाही, आणि ऐनाच्या आणि हिरड्याच्या लाकडाचा धूर खाऊन खाऊन पानं तव्यासारखी काळी होतात. साळूबाई ती पानं भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. भोरमधल्या निम्म्या बायांचे दात त्या तंबाखूवर टिकून होते.

"अगं पण ही देशी, ती विलायती," सुहासिनीबाई रडकुंडीला आल्या. "पहिल्या झुरक्याला ओळखतील."

"धूर कवा कुनी वळकलाय? पोलिसाला बी जमत न्हाई ते."

साळूबाई पदर खोचून गेली आणि अर्ध्या तासात आली. विळीवर पानं बारीक चिरलेली, वरून गुळाच्या पाण्याचा एक शिपका, थोडं ऊन दाखवलेलं. डबा पुसून कोरडा केला होताच. तंबाखू आत गेली, डबा फळीवर गेला, निळी तंबाखू उकिरड्यावर गेली. बादलीत राहिलेलं पंतांचं धोतर तेवढं निळंही नाही आणि पांढरंही नाही अशा रंगाचं झालं. ते पुढं पायपुसणं म्हणून निघालं.

संध्याकाळी पंत ओटीवर बसले. पाईप भरला, काडी ओढली. दाराआड सुहासिनीबाई उभ्या होत्या आणि येतील तेवढ्या देवांची नावं घेत होत्या. पंतांनी एक झुरका घेतला. थांबले. पाईपकडे पाहिलं. दुसरा घेतला.

"अगं ए! बाहेर ये."

"का... काय झालं?"

"मुरली!"

"अं?"

"तंबाखू मुरली! डबा निम्म्यावर आला की तंबाखूला खरा रंग येतो, हे मी ऐकून होतो. आज प्रत्यय आला. ह्याला म्हणतात काळा डबा!"

सुहासिनीबाई आत गेल्या आणि देवापुढं साखर ठेवली. खरं सांगायचा तो दिवस होता. तो गेला. एकदा असा दिवस गेला की दुसरा येत नाही, हे संसार केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

दर आठ-दहा दिवसांनी साळूबाई पदराआडून पुडी आणी आणि डबा पुन्हा निम्म्यावर येई. दिवाळी गेली, संक्रांत आली, डबा निम्म्यावर तो निम्म्यावर. माणसाला ह्याचं नवल वाटायला हवं की नाही? पंतांना वाटलं नाही. त्यांना अभिमान वाटला.

"ओढायची कला आहे ही," ते कचेरीत सांगत. "नवशिके भसाभसा ओढतात. मी ह्या एका डब्यावर लढाई संपवीन."

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण पौषात कचेरीला नवे साहेब आले, केशवराव पोंक्षे. विलायतेत शिकलेले, बोलायला कमी. आल्या आल्या त्यांनी वरंध घाटाच्या रस्त्याचं काम हातात घेतलं. रस्त्याखालच्या मोऱ्या वाहून गेल्या होत्या, त्या नव्यानं बांधायच्या. त्यासाठी एका ओव्हरसियरनं हिर्डोशीलाच मुक्काम ठोकायचा होता. दुसऱ्याला भोरच्या कचेरीत खिडकीजवळची खुर्ची आणि हेड ओव्हरसियर हे नाव मिळायचं होतं. ओव्हरसियर दोनच. एक दीनानाथपंत आणि दुसरे आंबवड्याचे मानसिंगराव, आडव्या बांध्याचे, दिवसाला वीस पानं खाणारे.

हिर्डोशीचं नुसतं नाव निघालं की पंत बोटं मोजायला लागायचे. मोटार अर्ध्या वाटेपर्यंत, पुढं पायपीट. वर्तमानपत्र चार दिवसांनी, तेही ओलं. पावसाळ्यात गुडघ्याएवढा चिखल आणि बोलायला म्हशी. "मी तिथं गेलो तर परत येताना मला तू ओळखणार नाहीस," ते बायकोला म्हणाले. सुहासिनीबाईंनाही रडू आलं. पंधरा वर्षांच्या संसारात नवरा एक रात्र दूर गेला नव्हता. तो घरात असला की कटकट आणि नसला की घर खायला उठेल, अशी त्यांची दोन्हीकडून पंचाईत.

आणि मग एका दुपारी पंत धावतच घरी आले.

"साहेब पाईप ओढतात! म्हणजे ओढत होते! लढाईमुळं डबा मिळत नाही, म्हणून खिशात रिकामा पाईप घेऊन हिंडतात. आज माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, गद्रे, हा वास कसला? मी म्हटलं, काळा डबा. तर खुर्चीवर बसलेच! बारा वर्षं तीच ओढली म्हणाले. मी रविवारी पोह्यांना बोलावलंय."

"कशाला?" सुहासिनीबाई किंचाळल्याच.

"कशाला म्हणजे? जो माणूस साहेबाला काळ्या डब्यातली तंबाखू पाजतो, त्याला साहेब हिर्डोशीला पाठवील? मानसिंगरावाकडं आहे काय? चुना!"

दुसऱ्या दिवशी मोरीपाशी सुहासिनीबाईंनी साळूबाईचा हात धरला. "साळू, साहेबानं बारा वर्षं ओढलीय गं. ते काही आमच्या घरच्यांसारखे नव्हेत, लगेच ओळखतील. सगळ्यांदेखत ह्यांची फजिती होईल आणि वर हिर्डोशी."

"डबा हरवला म्हना."

"मग तर हिर्डोशी नक्कीच."

"खरं सांगून टाका."

"चार महिन्यांनी? तू सांगतेस का?"

साळूबाईनं थोडा विचार केला. "त्यापरीस म्या अशी पानं आनते, की सायेब बारा वर्सं इसरंल."

शनिवारी संध्याकाळी तिनं खरोखरच रखमाजीकडची निवडक पानं काढली आणि चिरून पुडी बांधली. पण त्याच वेळी तव्यावर मशेरीही होती. गल्लीतल्या ठकुबाईच्या दाढेत ठणका होता, तिला मशेरी हवी होती. तीही पानं आधी चिरलेली, निम्मी भाजलेली, कुटायची राहिलेली. त्याचीही पुडी झाली. दोन्ही पुड्या एकाच वर्तमानपत्राच्या. रविवारी पहाटे एक पुडी ठकुबाईकडं गेली आणि दुसरी गद्र्यांकडं.

सुहासिनीबाईंनी डबा उघडून साळूबाईच्या हातात दिला. पुडी आत रिकामी झाली, हातानं खालीवर कालवली गेली आणि मग नाकापर्यंत वास पोहोचला.

"अगं, ही भाजल्यासारखी का येतेय?"

साळूबाईनं चिमूट नाकाशी नेली. "आगं आई गं! ही तर ठकूची मशेरी! मंग ती बया दाताला काय चोळतीय?"

"ठकूचं मरो! आता काय करू? नऊ वाजता साहेब येणार!"

"थांबा. गुळाचं पानी मारू, उनात धरू, वास बसंल."

सूप दिसलं ते तिनं ओढलं, डबा त्यावर पालथा केला, गुळाचं पाणी शिंपडलं आणि सूप परसातल्या उन्हात ठेवलं. सकाळीच त्या सुपात नाचणी पाखडली होती. सुपाच्या कडेला चिकटलेले दाणे गुळाला चिकटले आणि तंबाखूत गेले, हे दोघींपैकी एकीलाही दिसलं नाही. नाचणी केवढी, मोहरीएवढी. आणि बाहेर जोडे वाजले, तशी सुपातली तंबाखू घाईघाईनं डब्यात आणि डबा ओटीवरच्या कोनाड्यात गेला.

पोंक्षेसाहेब हॅट काढून ओटीवरच्या आरामखुर्चीत बसले. पोहे खाल्ले. "छान" म्हणाले. पण त्यांचा एक डोळा कोनाड्यातल्या डब्यावर होता. पंतांनी हात धुऊन, पुसून, डबा दोन्ही हातांनी खाली काढला. पूजेतला शाळिग्रामही त्यांनी कधी इतका जपून उचलला नसेल.

साहेबांनी पाईप भरला. तीन काड्या लागल्या, तंबाखू अजून दमट होती. मग पेटली. साहेबांनी झुरका घेतला आणि डोळे मिटले. एका डोळ्यातून पाण्याचा थेंब गालावर आला. पंतांनीही आपला पाईप पेटवला आणि त्यांच्या टाळूपासून शेंडीपर्यंत काहीतरी सरकन गेलं.

"आज तर कळस झाला!" ते पुटपुटले.

साहेबांनी आणखी एक झुरका घेतला. मग म्हणाले, "गद्रे, ही काळ्या डब्यातली नव्हे."

दाराआड सुहासिनीबाईंनी साळूबाईचा दंड धरला.

"साहेब, मुरलीय ती."

"मी बारा वर्षं ओढली आहे."

"बारा वर्षं ओढणं वेगळं, साहेब, आणि एक डबा मुरवणं वेगळं," पंत म्हणाले. दुसरा कुणी असता तर इथंच थांबला असता. "आपली क्षमा मागून सांगतो, डबा निम्म्यावर ठेवून चार महिने संयम पाळावा लागतो. सगळ्यांना नाही जमत."

साहेबांची भुवई वर गेली. "हा धूर कुठला म्हणता?"

"सिरिया देशातला. तिकडं पानं लाकडाच्या धुरावर टांगतात. वाळवंटातली लाकडं, साहेब! आपल्या मातीत हा वास जन्मात येणार ना..."

फट्!

साहेबांच्या पाईपमधून ठिणगी उडाली आणि त्यांच्या पाटलोणीवर पडली. साहेब झटकतात न झटकतात तोच पंतांच्या पाईपमध्ये वाजलं, फट्! फट्! पंतांनी पाईप तोंडातून काढून लांब धरला.

"हे... हेही मुरल्याचंच लक्षण," ते म्हणाले. पण आता आवाजात दम नव्हता.

साहेबांनी खिशातून कोरणी काढली, पाईप उकरला आणि तळहातावर एक इवलीशी पांढरी लाही ठेवली. ती त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"गद्रे, सिरियात नाचणी पिकते?"

पंतांनी तोंड उघडलं, पण त्यातून नुसता धूर आला. साळूबाईला राहवेना. ती दंड सोडवून घेऊन ओटीवर आली.

"त्यांस्नी बोलू नगा, सायेब. त्यांचा काय बी दोस न्हाई. डबा म्या भरती, आमच्या मशेरीच्या पानांनी."

"नाही हो," सुहासिनीबाईही पाठोपाठ बाहेर आल्या. परक्या पुरुषापुढं त्या कधी येत नसत, पण आज इलाज नव्हता. "चूक माझी. दसऱ्याच्या आधी डबा माझ्या हातून निळीत पडला."

"दसऱ्याच्या?" पंतांचा आवाज फाटला. "म्हणजे मी चार महिने..."

"साडेचार," साळूबाई म्हणाली.

"साडेचार महिने मी मशेरी ओढतोय?"

"छ्या! मशेरी आजच, ती बी ठकूच्या दाढंची. आदी नुसती पानं व्हती. तुमी तर म्हनायचा लई झ्याक हाय."

पंतांनी पाईप खाली ठेवला. ओटी, साहेब, खिडकीजवळची खुर्ची, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. लाल डबा, हिरवा डबा, तेरा वर्षांची चव, आणि शेवटी काय, तर ठकूच्या दाढेचं औषध! त्यांना इतकी लाज वाटली, की बायकोवर चिडायचंही सुचेना.

साहेब मात्र पाईप झाडून पुन्हा भरत होते. नाचणीचे दाणे वेचून वेचून बाजूला काढत होते.

"बाई," ते साळूबाईला म्हणाले, "ही पानं कुठली?"

"आमच्या हिर्डोशीची, सायेब. माजा भाऊ रखमाजी लावतो. चुलीवरच्या माळ्याला टांगतो बगा, ऐनाच्या धुरावर."

"हिर्डोशीची," साहेब सावकाश म्हणाले. "विकतो?"

"इकतो कशाचा! घरच्यापुरती. पावन्याला देतो, गावातल्या मानसाला देतो. वाटेच्या वाटसराला न्हाई देत."

साहेबांनी खिशातून छोटी वही काढली. "गद्रे, मानसिंगराव पाईप ओढतात?"

"नाही साहेब. पान खातात," पंत पडल्या आवाजात म्हणाले.

"मग त्यांना हिर्डोशीला पाठवून काय उपयोग? गावात राहून गावचा होईल असा माणूस हवा." त्यांनी वहीत दोन शब्द लिहिले. "तुम्ही गुरुवारपर्यंत निघू शकाल ना? दर पंधरा दिवसांनी मोऱ्यांचा रिपोर्ट पाठवायचा. आणि रिपोर्टाबरोबर... समजलं ना?"

समजलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती. जाताना साहेबांनी डबा उचलून पंतांच्या हातात दिला. आतली तंबाखू मात्र हातरुमालात बांधून नेली.

पंत हिर्डोशीला गेले. जाण्याआधी तीन दिवस बायकोशी बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी मोटारीत चढताना एकदम म्हणाले, "दाराला कडी घालून झोपत जा." सुहासिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रखमाजीच्या घराचा सोपा त्यांना मुक्कामाला मिळाला. पहिले तीन-चार महिने ते नुसते कुरकुरत होते. मग पावसाळा आला, चूल चोवीस तास पेटली, आणि पंत माळ्याखाली पाट टाकून बसायला लागले. हिरड्याचं लाकूड आणि ऐनाचं लाकूड ह्यांच्या धुरात काय फरक, कुठलं पान चुलीच्या तोंडाशी टांगायचं आणि कुठलं कडेला, ह्यावर रखमाजीशी त्यांचे वाद व्हायला लागले.

"ओली ढलपी घालू नका रखमाजी, धूर आंबट होतो."

"आवो अण्णा, माज्या आज्यापासून हीच चाल हाय."

"आजोबा चुकत होते तुमचे."

दर पंधरवड्याला मोऱ्यांचा रिपोर्ट जाई आणि पुडीही जाई. मोऱ्या पहिल्याच पावसात टिकल्या. आश्विनात साहेबांकडून पार्सल आलं. वर पत्र होतं, काम उत्तम, कार्तिकापासून भोरला हजर व्हावे, हेड ओव्हरसियर म्हणून नेमणूक झाली आहे, हिर्डोशीस मानसिंगराव येतील. आणि खाली बक्षीस म्हणून मुंबईहून मोठ्या खटपटीनं मिळवलेला एक काळा डबा. जहाजाच्या चित्राचा, सीलबंद, अस्सल.

सामान आवरायला सुहासिनीबाई आणि साळूबाई हिर्डोशीला आल्या होत्या. त्यांच्यासमोर पंतांनी सील तोडलं, पाईप भरला आणि झुरका घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू कसनुसा झाला. दुसरा घेतला. मग त्यांनी पाईप चुलीच्या कडेला झाडून टाकला.

"हिच्यात काही नाही गं," ते म्हणाले. "हिला धूरच नाही. ही मी ओढत होतो?"

डबा त्यांनी साळूबाईपुढं सरकवला. तिनं त्यातली मूठभर तंबाखू तव्यावर भाजली, कुटली, बोटावर घेऊन दाताला लावली आणि परसात जाऊन थुंकून आली.

"वैनी, विलायती म्हंत्यात ती हीच? दाताला कळलं बी न्हाई."

पंत दौत घेऊन बसले होते. सुहासिनीबाईंनी खांद्यावरून वाचलं. मोऱ्यांचे काम अद्याप अपुरे असल्याने सेवकास आणखी एक वर्ष हिर्डोशीस ठेवण्याची कृपा व्हावी.

"मोऱ्या तर झाल्या ना सगळ्या?"

"झाल्या. पण ह्या सालची पानं आता कुठं माळ्यावर चढतील. ती काळी व्हायला पुढचा पावसाळा उजाडेल." पंतांनी वर पाहिलं. "आणि भोरला काय ठेवलंय?"

"मी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

चुलीत लाकूड तडतडलं. रखमाजीनं मान फिरवली. पंतांनी दौतीचं झाकण लावलं, अर्जाची चौघडी घातली आणि ती चुलीत सारली.

भोरला आल्यावर नव्या हेड ओव्हरसियरनं पहिलं बांधकाम केलं ते स्वतःच्या स्वयंपाकघरात. चुलीच्या बरोबर वर चार बांबूंचा माळा, त्याला सुंभ, आणि सुंभाला रखमाजीकडून आणलेली बारा पानं. ज्या स्वयंपाकघरात तंबाखूला इतकी वर्षं पाऊल टाकायला बंदी होती, तिथं ती आता आमटीच्या डोक्यावर लोंबायला लागली. सुहासिनीबाईंनी दोन दिवस आदळआपट केली आणि सोडून दिली. नवरा घरी होता. पानं मोजून घेतली होती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी पंत जेवायला बसले. आमटीचा भुरका घेतला. थांबले. वाटीकडं पाहिलं. दुसरा घेतला.

"अगं ए! आज आमटी काय झालीय! मुरली बघ. आणखी एक वाटी वाढ."

सुहासिनीबाईंनी वर पाहिलं. पानं पुन्हा मोजली. बाराच होती, पण चुलीवरच्या पानाला टोक नव्हतं.

मागच्या दारात साळूबाई भांडी घासायची थांबली. "वैनी..." तिनं तोंड उघडलं.

"गप बस," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.